पाणचक्कीचा नववा दिवस

नवव्या दिवशी टर्बाइन थांबतं. उरलेले आठ दिवस स्तुदेनाक ओढ्याचं पाणी माझ्या बांधापाशी लोखंडी जाळीतून आत शिरतं, तीन किलोमीटर पाइपाच्या काळोखातून डोंगर उतरतं, वीजघरात आपलं सगळं बळ टाकून देतं आणि पुन्हा उजेडात येतं तेव्हा त्याला कुठे जायचं होतं हेच ते विसरलेलं असतं. त्या तीन किलोमीटरांत ओढा नसतो, ओढ्याची फक्त जागा असते. पांढरे धोंडे, धोंड्यांवर खपलीसारखं सुकलेलं शेवाळ, आणि ज्याखालून काहीच वाहत नाही असा एक पूल.

नवव्या दिवशी सूर्य उगवताना मी बांधावरच्या दाराचं चाक फिरवतो. पाइपाचं तोंड मिटतं आणि पाणी जुन्या वाटेने, चाचपडत, पाणचक्कीकडे निघतं. कारण नववा दिवस गोस्पावाचा. गोस्पावा माझी सख्खी आत्या, आणि माझ्याशी उभा दावा मांडलेली बाई.

चक्की आमच्या ग्रेदा गावातल्या नऊ घरांची. नऊ घरं, नऊ पाळ्या, प्रत्येकाची सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत. जमीन विकता येते, गुरं विकता येतात. दळणाची पाळी विकता येत नाही. ती सोडता येते, नाहीतर चक्कीच्या दारात चारचौघांसमक्ष कुणाला देता येते. कंपनी आली तेव्हा आठ घरांनी आपापल्या पाळ्या सोडल्या. आत्या सोडून तीस वर्षं कुणी दळलंच नव्हतं, पीठ निक्शिच शहरातल्या दुकानातून येत होतं. सोडण्यासारखं हातात होतं काय? बदल्यात गावाला डांबरी रस्ता मिळाला, चर्चला नवं छप्पर मिळालं आणि प्रत्येक घराला एक जाड पाकीट. आत्याने तिचं पाकीट न उघडता परत केलं. "कागद जाड आहे," ती म्हणाली, "संडासात चालणार नाही."

मग कोर्ट झालं. न्यायाधीशाने जुने कागद पाहिले आणि निकाल दिला तो असा: पाळी खरी आहे, रिवाज खरा आहे. जोवर ही बाई आपल्या पाळीला स्वतः दळते तोवर त्या दिवशी पाणी तिचं. रिवाजाप्रमाणेच लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या तर हक्क बुडाला. आणि रिवाज काय याबद्दल वाद झालाच, तर तो जुन्या पाळीदारांनी सांगावा.

अशा रीतीने साऱ्या मॉन्टेनेग्रोत, कदाचित साऱ्या युरोपात, आमचं एकच वीजघर असं उरलं की जे एका म्हातारीच्या पोतंभर बकव्हीटसाठी, म्हणजे कुट्टूसाठी, नवव्या दिवशी मुकं होतं.

उद्घाटनाला राजधानीतून एक बाई आल्या होत्या. गळ्यात रेशमी रुमाल, पायांत चिखल न सोसणारे बूट. त्या म्हणाल्या, "आपला देश लहान आहे. लहान देशाला आळशी ओढे परवडत नाहीत. प्रत्येक ओढ्याने काम केलं पाहिजे." टाळ्या पडत असतानाच मागून आत्याचा आवाज आला, "आणि आळशी पाहुणे परवडतात का गं बाई?" अर्धं गाव हसलं, मग कुठे बसलोय हे आठवून गप्प झालं. ग्रेदातलं तिच्या बाजूचं ते शेवटचं हसू.

मी कंपनीचा माणूस. बांधावरची खोली, दाराचं चाक, जाळीत अडकलेला पाला, ही माझी नोकरी. लोक समजतात मी पैशांसाठी आत्याच्या विरुद्ध गेलो. त्यांना उत्तरेकडचं कोळशाचं वीजकेंद्र ठाऊक नाही. मी तिथे नऊ वर्षं काढली. हिवाळ्यात तिथला धूर खोऱ्यावर झाकणासारखा बसतो. बायका वाळत घातलेली चादर करड्या रंगाची घरात आणतात, आणि रुमालात खोकलेलं माणसं बघत नाहीत. त्या गावातून परतलेल्या माणसाला पाण्यावर फिरणारं चाक म्हणजे काय वाटतं, हे मी आत्याला एकदाच सांगायला गेलो होतो. तिने दारातच ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या छातीतला धूर धुवायला माझा ओढा सुकवलास होय? वा. आणि माझ्याच पाण्याची वीज मला विकून बिलावर वर स्वच्छ हवेची दक्षिणा! पाद्री बरा, तो निदान मेल्यावर घेतो."

त्यानंतर ती नवव्या दिवशीच बोलायची, तेही नाव न घेता. पहाटे खेचर बांधापाशी थांबायचं, काठी लोखंडी कठड्यावर तीनदा आपटायची.

"कंपनी, दार पाड."

मी दार पाडायचो.

आजोबांनी शेत माझ्या बापाला दिलं होतं आणि घर व पाळी या बिनलग्नाच्या लेकीला. तेव्हाही गावाने तोंड वाकडं केलं होतं: बाईच्या नावावर पाळी! आता बाप नाही, आत्याला मूल नाही. तिच्या मागे पाळी माझ्याकडे येणार हे उघडच होतं. कंपनीच्या इंजिनियर दाम्यानलाही ते उघड होतं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "ओब्रेन, आपण थांबू. काळ आपल्या बाजूचा आहे. मग तू सही करशील, आणि खाली वीजघराचा मुकादम कोण होईल?" मी उत्तर द्यायचो नाही. नकारही द्यायचो नाही. माणसाच्या अनेक गोष्टी अशाच ठरतात. तो फक्त मान खाली घालून उभा असतो.

ऑक्टोबरात आत्या गवताच्या माळ्यावरून शिडीसकट खाली आली. तीन बरगड्या मोडल्या. निक्शिचच्या इस्पितळात असताना तिची एक पाळी गेली. घरी आणली, पण उठवेना, दुसरी गेली. खानावळीत लोक उघड बोलू लागले.

"बरगड्या तीन, पाळ्या तीन. देव हिशेबाला पक्का आहे," क्रस्तोचा रांको म्हणाला. पाइपाचा चर रांकोच्या यंत्राने खणला होता, आणि वरच्या दुसऱ्या ओढ्याचं काम त्यालाच मिळणार होतं. पण गोस्पावाचं प्रकरण मिटल्याशिवाय कंपनी तिकडे फावडं लावणार नव्हती.

"मेली तर?" कुणीतरी विचारलं.

"मेली तर मेली. पण आधी पाळी मरू दे."

कोपऱ्यात रांकोचा बाप बसलेला असे. क्रस्तो सत्तरीचा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. आत्याचा त्याच्याइतका जुना वैरी गावात नाही. तिच्या कुत्र्याने त्याचा मेंढा फाडला. त्याने कुत्रा गोळी घालून मारला आणि तिच्या फाटकावर टांगला. पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मीच. आणखी आहे का तिच्याकडे कुत्रा?" तेव्हापासून बावीस वर्षं दोघं एकमेकांच्या सावलीलाही वळसा घालून जातात. रांकोच्या बोलण्यावर तोही हसला असेल. टोपीमुळे दिसलं नाही.

तिसरी पाळी दहा नोव्हेंबरला होती. वीजघराच्या भिंतीवर दाम्यानने वर्षाचं कॅलेंडर लावलं होतं. त्यात दर नवव्या दिवसाभोवती लाल गोल. त्या दिवशी दाम्यान स्वतः आला. बांधावर माणसं जमली, जणू वरात येणार होती. सूर्य वर आला. कठड्यावर काठी आपटली नाही. दुपार झाली. पाइपातलं पाणी आपल्या एकसुरी आवाजात वाहत राहिलं. रांकोने कोकरू आगीवर चढवलं. राकियाची बाटली फिरली. सूर्य ल्यूताच्या सुळक्यामागे गेला तेव्हा रांकोने बंदूक आकाशात झाडली, लग्नात झाडतात तशी. आत्याचं घर समोरच्या चढावर. तिच्या खिडकीचा पडदा हलला नाही. मीही एक घोट घेतला. तो गोड लागला हे मी लपवणार नाही.

अकरा तारखेला सकाळी मी जाळीतला पाला काढत होतो. रात्रभर प्यायलेले चारपाच जण आगीच्या राखेभोवती जाकिटं पांघरून बसले होते. दाम्यान गाडीत सामान भरत होता. तेवढ्यात चढावरून खेचर उतरताना दिसलं. खेचरावर बकव्हीटचं पोतं आणि पोत्याला धरून, एका बाजूला कललेली, पावलापावलाला थांबणारी आत्या. तिला पोहोचायला अर्धा तास लागला. कुणी पुढे झालं नाही. एवढ्या वेळात गाव गोळा झालं.

काठी कठड्यावर आपटली. दोनदाच. तिसऱ्यांदा उचलायला हात पुरला नाही.

"कंपनी, दार पाड."

रांको हसला. "म्हातारे, काल होती तुझी पाळी. आज उठलीस? जा, झोप. ओढा आता सरकारजमा."

"काल नव्हती."

दाम्यान पुढे आला. तो तिच्याशी नेहमी मऊ बोलायचा. मऊ बोलणं त्याच्या पगारात होतं. "गोस्पावाबाई, तुमची तब्येत बरी नाही. आम्ही समजू शकतो. पण एक तारीख, मग दहा तारीख. नऊ दिवस. गणित आहे."

"मधे आठ तारीख येते," आत्या म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता, म्हणून ती शब्द एकेक करून खाली ठेवत होती. "आठ तारखेला काय असतं रे, पोरांनो? का तेही कंपनीला दिलंत?"

आठ नोव्हेंबर, मित्रोव्दान. आमच्या चर्चच्या संताचा दिवस, ग्रेदाचा सण. त्या दिवशी कुणी नांगर धरत नाही, सुई धरत नाही.

"मित्रोव्दानचा इथे काय संबंध?" दाम्यानने विचारलं.

"त्या दिवशी चक्की संताची. घरांच्या पाळ्यांत तो दिवस धरत नाहीत. सगळ्या पाळ्या एक दिवस पुढे सरकतात. पाइप गेल्या जानेवारीत बसलाय, मित्रोव्दान आत्ता पहिल्यांदा आला. तुमच्या भिंतीवरच्या कागदाला ठाऊक नाही, त्यात नवल नाही. यांना ठाऊक नाही, त्यांची मला लाज वाटते."

वीस-पंचवीस माणसं आपल्याच डोक्यात काहीतरी शोधत होती, आणि सापडू नये अशी प्रार्थना करत होती, असं मला वाटलं. मग गलका झाला. असं काही नव्हतंच. म्हातारीने आजारपणात रचलं. संताला पीठ कशाला लागतंय! "उद्या म्हणशील नाताळही धरत नाहीत, तुझा वाढदिवसही धरत नाहीत," एकजण ओरडला. "तुझा कोंबडा आरवला नाही तो दिवससुद्धा!"

दाम्यानने हात वर केला. कोर्टाचा कागद त्याला पाठ होता. "रिवाज पाळीदारांनी सांगायचा आहे. घराघरातून सांगा. आणि सुरुवात तिच्याच घरातून करू, म्हणजे कुणी म्हणायला नको. ओब्रेन, तू या घरचा. तुझ्या बापाने दळलंय इथे. मित्रोव्दान पाळीत धरायचे की नाही?"

मी सात वर्षांचा होतो. सणाच्या दिवशी बापाचा हात धरून चक्कीवर गेलो होतो. आत कुणी नव्हतं. वरचा दगड उचलून टेकवून ठेवलेला, आणि खालचं चाक रिकामंच, कुणासाठी नाही असं, भरधाव फिरत होतं. पाण्याचे तुषार दारापर्यंत येत होते. मी विचारलं होतं, आज कुणाचं दळण? बाप म्हणाला होता, आज कुणाचं नाही. आज पाणी नुसतं पाणी आहे. आपली पाळी उद्यावर गेली.

सगळं इतकं स्पष्ट होतं की तुषार गालावर जाणवले. आत्या माझ्याकडे बघत होती. वर्षभरात पहिल्यांदा. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. असती तर कदाचित मी सोपेपणाने सुटलो असतो. दाम्यानही बघत होता. त्याच्यामागे मला वीजघराची गरम, कोरडी खोली दिसत होती, आणि तिच्याही मागे कोळशाच्या गावातली करडी चादर.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

आत्याने मान वळवली. राखेकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं होतं, आणि आता तेही संपलं.

"झालं!" रांको ओरडला. "रक्ताचा पुतण्या सांगतोय. दुसरं घर आमचं. आमचा बाप सांगेल. सांगा हो आबा, म्हणजे ही ब्याद जाईल."

क्रस्तो कठड्याला टेकून उभा होता. त्याने टोपी मागे सारली. एवढ्या वर्षांत प्रथमच तो आत्याच्या समोर येऊन उभा राहिला, पण बोलला तो दाम्यानशी.

"या बाईचं तोंड बघितलं की माझं जेवण कडू होतं," तो म्हणाला. "हिला खड्ड्यात घालताना पहिली माती मी टाकेन, आणि हसत टाकेन. पण मित्रोव्दान धरत नाहीत. कधीच धरत नव्हते. आज तिची पाळी आहे."

"आबा!"

"ओरडू नकोस. आजोबाच्या मांडीवर बसून तूही ऐकलंयस. यंत्र घेतलंस तेव्हा कान विकलेस काय?"

"आबा, वरच्या ओढ्याचं काम जाईल! घरात काय खायचं?"

"आजवर शेण खाल्लं नाही, आता म्हातारपणी शिकवू नकोस."

दाम्यानचा मऊपणा उतरला होता. "क्रस्तो, एक साक्ष तुमची. एक ओब्रेनची, त्याला आठवत नाही. बाकीची सात घरं—"

"बाकीची घरं आत येतील," क्रस्तो म्हणाला. "चक्कीत. वरच्या दगडावर हात ठेवतील आणि म्हणतील, क्रस्तो खोटारडा आहे. मग माझं काही म्हणणं नाही."

हे दाम्यानला कळलं नाही, आम्हाला कळलं. त्या दगडावर हात ठेवून जो खोटं बोलला त्याच्या ताटातली भाकर दगड होते, असं आमच्याकडे म्हणतात. कुणी मानत नाही. चक्कीचं दार वीस पावलांवर होतं. कुणी ती वीस पावलं चाललं नाही. एकाने बूट पाहिले, एकाने आभाळ. जो कोंबड्यावरून ओरडला होता त्याला अचानक गुरांची आठवण झाली. रांको मुठी वळून बापाकडे बघत राहिला. पण तोही हलला नाही.

मीही हललो नाही. मला तर हात ठेवायचीही गरज नव्हती. मी खोटं कुठे बोललो होतो? मला आठवत नव्हतं, एवढंच.

दाम्यानने राजधानीला फोन लावला, दूर जाऊन बराच वेळ बोलला, परत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दार पाड."

मी चाक फिरवलं. आत कुठेतरी खोल टर्बाइनचा सूर खाली खाली गेला आणि तुटला. पाणी बांधावरून धोंड्यांवर पडलं. आधी ते नुसतंच पांढरं दिसलं, मग त्याला आवाज आला.

खेचरावरचं पोतं उतरवायला मी पुढे झालो. आत्याने काठी आडवी धरली. मारली नाही, फक्त धरली. तिने पोत्याची गाठ सोडली, सुपात येईल एवढे दाणे काढून नेले, पुन्हा आली, पुन्हा नेले. सात खेपा. प्रत्येक खेपेला एक हात बरगड्यांवर दाबलेला. लोक बघत होते आणि जात नव्हते. वैर पाहायलाही माणसाला साक्षीदार व्हावंसं वाटतं. शेवटच्या खेपेनंतर आतून दगडाची घरघर आली आणि भिंतीच्या फटींतून पिठाचा वास.

दुपारी ती दारात येऊन बसली, हातापायांवर पीठ, चेहरा पिठाहून पांढरा.

"चारचौघं आहात ना?" ती म्हणाली. "ऐका. डॉक्टर म्हणतो बर्फ बघीन, पण वितळताना बघणार नाही. माझ्यामागे पाळी क्रस्तोला."

बांधावर कुणाचा तरी पेला पडला.

"आत्या," मी म्हणालो. "आत्या, मी आहे ना. घरचा."

"तुला आठवत नाही," ती म्हणाली. "ज्याला आठवत नाही त्याच्याकडे काय द्यायचं? हरवेल तुझ्याकडून."

क्रस्तोचा चेहरा लाल झाला होता. "मला तुझी भीक नको, गोस्पावा. मी खरं बोललो ते तुझ्यासाठी नाही."

"भीक कसली? शिक्षा आहे. दर नवव्या दिवशी पहाटे उठायचं. पोतं वाहायचं. पोरगा तुझ्याशी बोलणार नाही. गाव थुंकेल. तुझ्या अंगात तेवढा दुष्टपणा आहे, म्हणून तुला. दुसऱ्या कुणात बघितला नाही मी."

"सोडून देईन. पहिल्याच आठवड्यात."

"दे सोडून. सगळ्यांसमोर म्हण, आत्ता, सोडली म्हणून."

रांको एक पाऊल पुढे आला. दाम्यानही. सगळं खोरं त्या एका शब्दासाठी कान टवकारून होतं. पाणी तेवढं बोलत होतं. क्रस्तोने तोंड उघडलं. मग त्याने टोपी पुन्हा भुवयांवर ओढली.

"बकव्हीट मला चालत नाही," तो म्हणाला. "मी मका दळीन."

"काय हवं ते दळ."

"आणि तुझ्या मयताला मी यायचा नाही."

"नकोच येऊस," आत्या म्हणाली. "त्या दिवशी पाळी असली, तर दळायला जा."